ध्यान मागणारी प्रार्थना

ध्यान आणि प्रार्थना यांजविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक मत हळूहळू रूढ झालें आहे. आणि तें इतक्या निमूटपणें रूढ झालें आहे कीं, त्याची चिकित्सा करण्याची गरज कोणास भासत नाहीं. तें मत थोडक्यांत असें : प्रार्थना आजीची, ध्यान नातवाचें. प्रार्थना म्हणजे गरजू आणि भित्र्या मनानें कोणापुढें तरी पसरलेला पदर. ध्यान म्हणजे समर्थ मनानें स्वतःस लावून घेतलेली शिस्त. ज्या घरांत दिवेलागणीस 'शुभंकरोति' आणि परवचा चालत असे, त्या घरांत आतां सकाळीं दहा मिनिटें डोळे मिटून बसण्याचा परिपाठ पडला आहे, आणि त्या दहा मिनिटांचा हिशेब खिशांतला फोन ठेवीत असतो. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२४ सालीं २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरविला, त्यांतही काळाची हीच नाडी लागते. ध्यान आस्तिकास चालतें, नास्तिकास चालतें, आणि आतां वैद्यासही चालतें. प्रार्थनेचें तसें नाहीं. तिला ऐकणारा कोणी तरी लागतो. आणि ऐकणारा म्हटला कीं वाद आलाच.

याच्या उलट, भाविक म्हणविणाऱ्या मंडळींतही एक पूर्वग्रह आहे. त्यांच्या मतें ध्यान हा कोरडा आणि थोडासा आपमतलबी उद्योग होय. डोळे मिटले कीं शेजारीं कोण रडतें आहे तें दिसेनासें होतें. हात जोडणारा मनुष्य आपण अपुरे आहों एवढें तरी कबूल करितो. दोन्ही पक्षांत थोडथोडें तथ्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही पक्ष एकमेकांचें ऐकून घेत नाहींत. या वादाचा निकाल दर्शनग्रंथांच्या साहाय्यानें लावण्यापेक्षां एका लहानशा मराठी रचनेपुढें दोन्ही पक्षांस उभें करावें, असें आम्हीं योजिलें आहे. ती रचना म्हणजे पावसचे स्वामी स्वरूपानंद यांची 'वरप्रार्थना'.

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून दक्षिणेस सुमारें वीस किलोमीटर गेलें म्हणजे पावस लागतें. गौतमी नदीच्या कांठचें हें गांव आज तेथील समाधिमंदिरामुळें महाराष्ट्रभर ठाऊक झालें आहे. येथेंच १५ डिसेंबर १९०३ रोजीं रामचंद्र विष्णु गोडबोले यांचा जन्म झाला. १९२३ सालीं पुण्याचे बाबामहाराज वैद्य, म्हणजेच गणेशनाथ, यांजकडून त्यांस नाथसंप्रदायाची सोऽहं-दीक्षा मिळाली. त्या काळच्या पुष्कळ तरुणांप्रमाणें ते देशकार्यांत पडले, आणि १९३२ सालीं त्यांस येरवड्याचा तुरुंग पाहावा लागला. तेथें त्यांनीं 'नवरत्नहार' हें गुरुस्तवन रचिलें. पुढें १९३४ सालीं जिवावरचें दुखणें आलें. त्या दुखण्याच्या अनुभवांतून 'अमृतधारा' ह्या साक्या निर्माण झाल्या. त्यानंतर सुमारें चाळीस वर्षें पावस येथील 'अनंतनिवास' ह्या घरांत राहून १५ ऑगस्ट १९७४ रोजीं त्यांनीं देह ठेविला. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुबोध मराठींत आणि अभंगवृत्तांत उतरविणारी 'अभंग ज्ञानेश्वरी', 'भावार्थ गीता' आणि 'संजीवनी गाथा' हे त्यांचे प्रमुख ग्रंथ. त्या मानानें 'वरप्रार्थना' ही अगदींच चिमुकली कृति. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व मोठ्या ग्रंथांहून कमी नाहीं.

प्रथम अडचण कोणती आहे ती नीट पाहूं. सोऽहं-साधना म्हणजे श्वासाकडे लक्ष लावून बसणें. श्वास आंत जातांना 'सो' आणि बाहेर पडतांना 'हं' असा ध्वनि आपोआप उठत असतो, अशी नाथपंथीयांची धारणा आहे. त्या ध्वनीचा अर्थ 'तो मीच'. ज्यानें हा अर्थ मनांत ठसविला त्यानें मागावें काय, आणि मागावें कोणापाशीं? ज्याच्या कमरेस तिजोरीची किल्ली आहे, त्यानें स्वतःच्याच दारांत झोळी घेऊन उभें राहावें, तसा हा प्रकार दिसतो. ध्यानाचा पक्ष म्हणेल कीं, ही प्रार्थना जनरीतीसाठीं, सामान्य भक्तांच्या समाधानासाठीं लिहिलेली असावी. भाविक पक्ष म्हणेल कीं, सोऽहं हेंच वरवरचें. आंतून स्वामी आमच्यासारखेच हात जोडणारे. दोन्ही उत्तरें सोयीचीं आहेत, आणि सोयीचीं आहेत म्हणूनच आम्हांस तीं मान्य नाहींत.

प्रार्थना म्हणजे काय, हें आमच्या कोंकणांत पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. ग्रामदेवतेपुढें नारळ ठेवून गुरव किंवा गांवचा मानकरी जें गाऱ्हाणें घालतो, तें ज्यानें एकदां ऐकलें त्यास प्रार्थनेचें मूळ रूप कळलें. त्यांत पाऊसपाणी येतें, गुरेंढोरें येतात, मुंबईस चाकरीला गेलेला मुलगा येतो, अंगणांतलें भांडण येतें, कोणाची वाईट नजर येते. गाऱ्हाणें घालणाऱ्यास संकोच ठाऊक नसतो. जें हवें त्याचें तो नांव घेतो. आणि प्रत्येक मागणीच्या शेवटीं भोंवतीं जमलेली मंडळी 'होय महाराजा' म्हणून तिला दुजोरा देतात. नारळी पौर्णिमेस समुद्रांत नारळ सोडणारा दर्यावर्दी कांहीं वेगळें करीत नाहीं. होडी परत येवो, एवढीच त्याची प्रार्थना असते, आणि ज्याचें पोट त्या पाण्यावर आहे त्यानें ती करूं नये असें म्हणणें हें जमिनीवर बसून सुचणारें शहाणपण होय.

या गाऱ्हाण्यांत तीन गोष्टी आहेत : गरजेचें नांव स्पष्ट घेतलेलें आहे, ऐकणारा आपल्याहून मोठा मानलेला आहे, आणि शेजारीं उभ्या असलेल्या माणसांची संमति तींत मिसळलेली आहे. प्रार्थनेचें बळ ह्या तिहींत आहे. तिचा दुबळेपणाही येथूनच सुरू होतो. मागणीचा नवस होतो, नवसाचा करार होतो, आणि करार फिसकटला म्हणजे देवाशीं अबोला धरला जातो. आजारी मुलासाठीं केलेली प्रार्थना निष्फळ ठरल्यावर देव्हाऱ्याचें दार कायमचें लावून घेतलेलीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत. त्या लोकांस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पण देवाशीं नातें केवळ मागणीपुरतें असलें म्हणजे तें किती कच्च्या धाग्याचें असतें, हें त्यांवरून दिसतें.

आतां ध्यानाकडे वळूं. पतंजलीनें ध्यानाचें लक्षण एका लहानशा सूत्रांत सांगितलें आहे : एकाच विषयाकडे वाहणारा वृत्तीचा अखंड प्रवाह. या व्याख्येंत ऐकणारा नाहीं, मागणारा नाहीं, शेजारीही नाहीं. तरीसुद्धां त्याच पतंजलीनें समाधीचें एक साधन म्हणून ईश्वरप्रणिधान सांगून ठेविलें आहे. म्हणजे ध्यानाच्या ह्या काटेकोर शास्त्रांतही देवापुढें मस्तक ठेवण्यास एक कोपरा राखलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत ध्यानाचें याहून रसरशीत चित्र आहे. आसन कोठें घालावें येथपासून कुंडलिनी जागी झाल्यावर देहाची काय स्थिति होते येथपर्यंत ज्ञानदेवांनीं तें रंगविलें आहे. तें वाचतांना मनुष्यास आपलें सामर्थ्य वाढत असल्याचा भास होतो.

आणि धोका आहे तो ह्या भासांत. ध्यानानें मन निवतें हें खरें. परंतु निवलेलें मन म्हणजे सुधारलेलें मन, असा समज करून घेणें फार सोपें असतें. आसनावरून उठतांच चहा थंड मिळाला म्हणून घरांत आवाज चढविणारे साधक आम्हीं पाहिले आहेत. प्रसंगीं त्यांत आमचीही गणना होते. क्रोध गेलेला नव्हता, तो पहाटेच्या गारव्यांत निजला होता. 'तो मीच' हें वाक्य आपल्या अवगुणांविषयीं कांहींच बोलत नाहीं. म्हणून तें जितकें उंच आहे तितकेंच, अवधान सुटलें तर, अहंकारास सोयीचें आहे. प्रार्थना बिघडली कीं तिची भिक्षा होते. ध्यान बिघडलें कीं त्याची मिरास होते. ह्या दोन अधःपातांची जाण ज्या रचनेंत एकाच वेळीं आहे, ती रचना आम्ही थोर समजतों.

'वरप्रार्थना' अनुष्टुभाच्या सोप्या चालीवर रचिलेली असून ती पाठ होण्यास दोन संध्याकाळ पुरतात. आरंभींच कवि जगाचा जो उदार आधार त्यास हांक मारतो आणि वर मागतो. हा वर कोणता? मनास आपल्या मूळ रूपाच्या चिंतनाची गोडी लागावी आणि ती कधीं सुटूं नये, हा! वेदान्ताच्या परिभाषेंत ज्यास स्वरूपानुसंधान म्हणतात, आणि साध्या बोलण्यांत ज्यास आपण ध्यान म्हणतों, तेंच येथें मागितलें आहे. म्हणजे जें प्रार्थनेच्या वरच्या पायरीवर बसविलें जातें, तें खालीं उतरून प्रार्थनेचा विषय झालें आहे. ज्याचें श्रेय आपण स्वतःच्या निग्रहास देतों, तें हा कवि दान म्हणून मागतो. गुरूपासून सोऽहं-दीक्षा घेतलेल्या, त्या साधनेंत आयुष्य वेंचलेल्या माणसाची ही मागणी आहे, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे तिचें वजन कळतें. मन बसवूं म्हटल्यानें बसत नाहीं, हा अनुभव नवशिक्याचा समजला जातो. येथें मुरलेला साधक तो उघडपणें सांगतो आहे, आणि तो सांगतांना त्याच्या स्वरांत निराशा नाहीं.

यापुढची मागणी कामक्रोधादिकांविषयीं आहे. त्यांस आपल्या अंतरांत आसरा मिळूं नये, आणि ती जागा हरीच्या मूर्तीनें भरून राहावी, असा तिचा आशय. येथें तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनें सूक्ष्म असें कांहीं नाहीं. पण आम्हीं वर ज्या धोक्याचा उल्लेख केला त्यावरचा हा उतारा आहे. ध्यानाच्या भाषेंत क्रोधाचें नांव घ्यावें लागत नाहीं, प्रार्थनेच्या भाषेंत तें घ्यावें लागतें. गाऱ्हाण्यांत जसें शत्रूचें नांव घेतात तसेंच हें आहे. फरक इतकाच कीं, शत्रूचें घर गांवांत नसून आपल्याच छातींत आहे.

मग नकारांची एक मालिका येते. धन नको, मान नको, लौकिक नको. येथवर कोणताही संत म्हणेल. परंतु पुढें भोगाबरोबर त्यागही नको आणि विद्येबरोबर कलाही नको असें म्हटलें आहे, तेथें वाचक थबकतो. त्याग नको म्हणणारा हा मनुष्य एका घरांत, जवळजवळ एका खोलींत, चाळीस वर्षें राहिला. कला नको म्हणणारा हा मनुष्य त्याच क्षणीं वृत्तांत अक्षरें मोजून बसवीत आहे! वरवर पाहतां ही विसंगति होय. आमच्या मतें हीच ह्या रचनेंतील सर्वांत प्रामाणिक जागा आहे. धन सुटल्यावर साधकाच्या जवळ उरते ती धन सोडल्याची प्रतिष्ठा. लौकिक सुटल्यावर कवीच्या जवळ उरते ती आपल्या रचनेची गोडी. ह्या शेवटच्या दोन मिळकती कवीनें ओळखल्या आहेत आणि त्याही टाकण्याच्या यादींत घातल्या आहेत. यादी मात्र आहे. गाऱ्हाण्यांतली हव्याची यादी येथें नकोची यादी झाली, इतकेंच. मनांतलें सर्व कांहीं नांव घेऊन देवापुढें मांडण्याची रीत तीच.

रचनेच्या भाषेकडे पाहिलें तर आणखी एक गोष्ट लक्षांत येते. 'देई', 'दाखवी' अशीं थेट मागणीचीं क्रियापदें तींत आहेत. परंतु मर्माच्या ठिकाणीं कवि 'रमो', 'मावळो', 'उगवो' अशीं रूपें वापरतो. व्याकरणकार यांस आज्ञार्थांत घालतात. पण ही आज्ञा कोणास उद्देशून असते? 'उगवो' म्हणणारा स्वतः उगवत नाहीं, आणि 'उगव' असें दुसऱ्यास दटावीतही नाहीं. तो एका घटनेस वाट करून देतो. मराठींतील आशीर्वाद, शाप आणि प्रार्थना हीं सारीं ह्या एका 'ओ'कारावर चालतात. ध्यानाची भाषा 'आहे' ही असते, आणि व्यवहाराची भाषा 'करीन' ही असते. ह्या दोहोंच्या मध्यें 'होवो' उभें आहे. जें आहेच असें ज्ञान सांगतें, परंतु माझ्यापुरतें अजून झालेलें नाहीं असें अनुभव सांगतो, तें बोलून दाखविण्यास याहून नेमकें रूप आमच्या भाषेंत नाहीं. सोऽहं-साधकास प्रार्थना कां करावी लागते, याचें उत्तर आम्हांस ह्या एका प्रत्ययांत सांपडतें.

'मी' आणि 'माझें' मावळावें, 'तूं' आणि 'तुझें' उगवावें, ही मागणी त्याच रूपांत आली आहे. आमच्या किनाऱ्यावर मावळणें रोज समोर समुद्रावर दिसतें; उगवणें मात्र सह्याद्रीच्या आड होतें आणि उजाडल्यावर आपणांस कळतें. कवीच्या मनांत हें होतें किंवा नाहीं तें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु रत्नागिरीकडच्या वाचकास ही प्रतिमा विशेष खोल वाटेल. सूर्य मावळविणें हें कोणाच्या कर्तृत्वाचें काम नव्हे. त्याच्याकडे तोंड करून बसणें एवढेंच आपल्या हातीं असतें. बसणें हें ध्यान, आणि मावळो म्हणणें ही प्रार्थना.

आतां ह्या रचनेची न्यूनता सांगणें आमचें कर्तव्य आहे. शके १२१२ त, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, ज्ञानेश्वरी पूर्ण करतांना ज्ञानदेवांनीं नऊ ओव्यांचें जें पसायदान मागितलें, त्याच्याशेजारीं 'वरप्रार्थना' ठेवून पाहावी. पसायदानांत मागणाऱ्यासाठीं वेगळें असें कांहींच मागितलेलें नाहीं. दुष्टांचें दुष्टपण जावें, प्राणिमात्रांत मैत्र जडावें, पापाचा अंधार फिटावा, असा त्याचा विस्तार आहे. 'वरप्रार्थनें'त 'मज', 'माझा', 'मला' हे शब्द पुनःपुन्हां येतात. तिचें वर्तुळ एका साधकाच्या अंतःकरणाएवढें आहे. शिवाय पसायदानाची शब्दकळा शेतकऱ्याच्या घरांत सहज वावरते; 'वरप्रार्थने'ला मात्र संस्कृत समासांचें ओझें ठिकठिकाणीं जाणवतें, आणि गाऱ्हाण्यास 'होय महाराजा' म्हणणाऱ्या माणसास त्यांतला पहिला वर कोणी तरी उलगडूनच सांगावा लागेल. अभंग ज्ञानेश्वरी सुबोध करण्यासाठीं इतके श्रम घेणाऱ्या लेखणीकडून ही अपेक्षा ठेवणें गैर नव्हे.

परंतु दोहोंचे प्रसंग भिन्न आहेत हें विसरतां येणार नाहीं. पसायदान हें सुमारें नऊ हजार ओव्यांच्या वाग्यज्ञाच्या समाप्तीचें मागणें आहे. काम झालें, आतां त्याचें फळ सर्वांस वाटावयाचें. 'वरप्रार्थना' ही काम सुरू होण्यापूर्वींची आहे. ती रोज म्हणावयाची आहे, आणि रोज स्वतःपासूनच आरंभ करावा लागतो. दुष्टांचें वांकडेपण जावो हें म्हणण्याचा अधिकार येण्यासाठीं माझें वांकडेपण जावो हें आधीं म्हणावें लागतें. आणखी एक भेद असा कीं, पसायदानाच्या अखेरीस विश्वेश्वराचें होकाराचें उत्तर येतें आणि ज्ञानदेव सुखी होतात. 'वरप्रार्थनें'त उत्तर नाहीं. ती मागण्यावरच थांबते. तिचें उत्तर पुढच्या मौनांत शोधावयाचें असतें.

आणि ज्ञानदेवांविषयींही एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. ज्यांनीं सहाव्या अध्यायांत योग्याच्या एकान्ताचें इतकें भव्य वर्णन केलें, त्यांनींच शेवटीं ज्याला जें हवें असेल तें त्याला मिळावें असें मागितलें आहे. अमुक इच्छा हलकी, अमुक उच्च, अशी निवड त्यांनीं केली नाहीं. नारळ सोडणाऱ्या दर्यावर्द्याची होडीही त्या मागण्यांत आली. ध्यानाचा अभिमान धरून गाऱ्हाण्यास हंसणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

'वरप्रार्थनें'त समष्टीला अगदींच जागा नाहीं असें मात्र नव्हे. नर आणि नारी हरिरूप दिसावीं, बाहेर आणि आंत दोन्हींकडे दिसावीं, अशी एक मागणी तींत आहे. डोळे मिटून ही मागणी पुरी होण्यासारखी नाहीं. रत्नागिरीस तिची कसोटी एका दारावर लागलेली आहे. जें गाऱ्हाणें साऱ्या गांवाच्या वतीनें घातलें जातें, त्याच्या 'होय महाराजा'ला देवळाच्या बाहेर थोपविलेल्या माणसांचा आवाज कित्येक पिढ्या पोंचत नव्हता. १९३१ सालीं सावरकरांच्या प्रेरणेनें आणि भागोजीशेट कीर यांच्या औदार्यानें रत्नागिरींत पतितपावन मंदिर उघडलें, आणि तेथें सर्व जातींच्या हिंदूंस एकाच गाभाऱ्यापुढें उभें राहतां आलें. सावरकर बुद्धिवादी, ध्यानधारणेच्या मार्गांतले नव्हेत. तरी हरि सर्वांत दिसावा असें म्हणणाऱ्या प्रत्येक प्रार्थनेस त्यांनीं एक अवघड प्रश्न घालून ठेविला आहे. ध्यानास दार लागत नाहीं, म्हणून ध्यान करणारा ह्या प्रश्नांतून सुटल्यासारखा वाटतो. प्रार्थनेस दार लागतें, आणि त्या दारांतून कोण आंत येतो हें तिला पाहावेंच लागतें. ही प्रार्थनेची अडचण आहे खरी, पण तिची नैतिक श्रीमंतीही हीच आहे.

येथें एक गंभीर आक्षेप विचारांत घेतला पाहिजे, आणि तोही ह्याच जिल्ह्याशीं संबंध असलेल्या एका थोर पुरुषाच्या पक्षाचा आहे. मालवणास जन्मलेले आणि रत्नागिरीस शिकलेले डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते. १८६७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या त्या समाजानें आपल्या नांवांतच प्रार्थनेस अग्रस्थान दिलें. न्यायमूर्ति रानडे आणि भांडारकर यांस शांकर अद्वैत मान्य नव्हतें, त्याचें कारण केवळ तार्किक नव्हतें. जीव आणि ईश्वर एकच असतील तर पश्चात्ताप कोणीं करावा, क्षमा कोणीं करावी आणि उपासना कोणाची करावी, हा त्यांचा नैतिक प्रश्न होता. तुकारामबोवांच्या अभंगांवर त्यांची भक्ति होती, तीही बोवांनीं देव आणि भक्त ह्या नात्याची गोडी सोडण्यास वेळोवेळीं नकार दिला म्हणून. ह्याच जिल्ह्यांत करजगांवीं जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ताकडे वळल्यावर जी भजनें लिहिलीं, त्यांच्याही मुळाशीं समोरच्या 'तूं'ची हीच ओढ आहे. या पक्षाच्या दृष्टीनें सोऽहं म्हणणारा प्रार्थना करूं शकत नाहीं. त्यानें केली तर ती आरशाशीं केलेली बातचीत होय.

आक्षेप जोरकस आहे, आणि 'वरप्रार्थने'च्या कवीस तो ठाऊक होता असें तिच्या शेवटावरून आम्हांस वाटतें. 'मी' आणि 'तूं' हे तत्त्वतः एकच होवोत असें मागून झाल्यावर कोणताही अद्वैती तेथें थांबला असता. स्वामी थांबत नाहींत. ते आणखी एक, शेवटचें मागणें करितात : अद्वैतास धक्का न लागतां देव आणि भक्त हें द्वैत मला दाखव! सर्व रचनेचा भार ह्या एका मागण्यावर तोललेला आहे. ऐक्य मिळाल्यावरही नातें उरावें. नातें उरूनही ऐक्य भंगूं नये. भांडारकरांस जें हवें होतें तें समोरचें 'तूं' येथें सोडलेलें नाहीं, आणि नाथपंथास जें हवें तें 'तो मीच' हेंही सोडलेलें नाहीं.

हें शब्दांचें कसब आहे, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही 'अमृतानुभवा'कडे बोट दाखवूं. तेथें ज्ञानदेवांनीं एक दृष्टान्त दिला आहे : एकाच डोंगराचा खडक कोरून देव, देऊळ आणि भक्तांचा परिवार घडवितां येतो. मूर्तीचा दगड वेगळा नसतो, हात जोडून उभ्या असलेल्या भक्ताचा दगड वेगळा नसतो. तरी त्या हातांचें जोडणें खोटें ठरत नाहीं. ज्यांनीं वेरूळचें कैलास लेणें पाहिलें आहे त्यांस या दृष्टान्ताचें सत्य पायांखालीं जाणवलें असेल. ध्यान करणारा मनुष्य खडक पाहतो. प्रार्थना करणारा मनुष्य आकार पाहतो. खडक विसरून केलेली प्रार्थना देवास परका समजते आणि म्हणून सौद्याला बसते. आकार विसरून केलेलें ध्यान शेजाऱ्यास विसरतें आणि म्हणून गर्वाला बळी पडतें. भांडारकरांच्या आक्षेपाचें याहून चांगलें उत्तर मराठींत आम्हांस ठाऊक नाहीं. पण त्या आक्षेपानें दिलेली ताकीदही आम्ही विसरूं इच्छीत नाहीं : पश्चात्तापाचें काम सोऽहं करीत नाहीं, तें प्रार्थनेसच करावें लागतें.

ह्या चर्चेचा आमच्या घरांतील व्यवहाराशीं काय संबंध, असें वाचक विचारील. संबंध आजारपणांत कळतो. दम्यानें घशांत घरघर चालली असतां 'श्वासाकडे लक्ष द्या' असें रोग्यास सांगणें जवळजवळ क्रूरपणाचें होतें. त्या वेळीं निरोगी दिवसांत कमावलेली दहा मिनिटांची शांति कामास येईल असा भरंवसा नसतो. ओठांवर बसलेले चार शब्द मात्र येतात. १९३४ च्या दुखण्यांतून उठलेल्या माणसाची ही रचना असल्यामुळें तिच्याकडे आम्ही अधिक विश्वासानें पाहतों. बरें वाटो, असें रोग्यानें आणि त्याच्या माणसांनीं खुशाल म्हणावें. तें गाऱ्हाणें आहे आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण तें गाऱ्हाणें मान्य झालें नाहीं तर देव्हाऱ्याचें दार लावण्याची पाळी ज्याच्यावर येणार नाहीं, असें दुसरें एखादें मागणें मनुष्याच्या पदरीं असलें पाहिजे. 'वरप्रार्थनें'तील मागणीं त्या जातीचीं आहेत. तीं मागतांना देवाचा होकार येण्यापूर्वींच मागणारा थोडासा बदललेला असतो.

म्हणून दहा मिनिटें डोळे मिटून बसणाऱ्या नातवास आम्ही तें सोडण्यास सांगणार नाहीं. त्यानें त्या दहा मिनिटांच्या आधीं आजीपाशीं बसून हे थोडेसे श्लोक पाठ करावे, अवघड समासांचा अर्थ तिला विचारावा, आणि तिला तो सांगतां आला नाहीं तर दोघांनीं मिळून कोश उघडावा. मग फोनवरचें घड्याळ लावण्यास हरकत नाहीं. आजीनेंही त्या दिवशीं हात जोडून झाल्यावर लगेच स्वयंपाकघराकडे न वळतां त्याच्याजवळ तेवढा वेळ बसून पाहावें.